बर्फाच्या कारखान्यातलं ग्रंज

ग्रंज नावाचं संगीत आमच्या कोळीवाड्यात कसं आलं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, केरसुणीच्या मागून आलं. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. पण मी खरं बोललो की लोक हसतात आणि थापा मारल्या की माना डोलावतात, हे मला आता पाठ झालंय.

आगरदांड्याच्या थोडं अलीकडे, किनाऱ्याला लागून एका मुंबईकर साहेबांचा बंगला होता. साहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर, डोक्याला टक्कल, शनिवार-रविवार हवा खायला यायचे. माझी मोठी बहीण, ताई, तिथं झाडलोट करायची आणि मी माडांना पाणी घालायचो. एका शनिवारी साहेबांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आतून असा काही आवाज सुरू झाला की ताईनं केरसुणी टाकून मला हाक मारली. तिला वाटलं, पाण्याचा पंप जळाला.

पंप शाबूत होता. आत साहेब एकटेच, फाटका चौकडीचा शर्ट घालून, डोळे मिटून, नसलेले केस उडवत उभे होते. आम्हाला पाहून ओशाळले. मग ओशाळलेली मोठी माणसं करतात तसं त्यांनी भाषण सुरू केलं.

भाषणाचा सारांश असा. आमच्या जन्माच्या आसपास अमेरिकेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, सिएटल नावाच्या बंदरात काही पोरांना तेव्हाच्या रॉक संगीताचा वीट आला. चकचकीत कपडे, फुगवलेले केस, गिटारची सर्कस, सगळं झुगारून ती घरातल्या जुन्या शर्टात, गॅरेजात वाजवायला लागली. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका. गाणारा आधी पुटपुटणार आणि मग एकदम किंचाळणार. सांगायचं एवढंच, की मी असा आहे, मला नाटक जमणार नाही. दोन-तीन वर्षांत अख्ख्या जगाला त्याचं वेड लागलं, फाटके शर्ट महागड्या दुकानांत टांगले गेले आणि गाणाऱ्यांना ते कौतुक सोसलं नाही. काही जीवाला मुकले, काही बँड फुटले. "पण अजून," साहेब म्हणाले, "दर पिढीत कुणी ना कुणी वैतागलेलं पोर त्या आवाजापाशी येऊन बसतंच." 

मला त्यातलं काही पटलं नाही. नाव झालं म्हणून रडणारी माणसं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्याकडे पत्रिकेत नाव छापलं नाही म्हणून रडतात, आणि पुढच्या लग्नाला येत नाहीत.

ताईनं मात्र नीट चौकशी केली.

"साहेब, तिथं मासळीबाजार हाय का?"

"आहे की. प्रसिद्ध आहे."

"पाऊस?"

"वर्षभर रिपरिप."

"मग आपल्यातलेच हायत," ताई म्हणाली आणि केरसुणी उचलून कामाला लागली.

शर्टाचं तर विचारूच नका. आमच्या जेट्टीवर सकाळी सहाला उभे राहिलात तर साहेबांच्या व्याख्येप्रमाणे पन्नास-साठ ग्रंजवाले एका नजरेत दिसतील. चौकडीचा शर्ट, कोपरावर फाटलेला, केसांत मीठ, तोंडावर सगळ्या जगाबद्दल नाराजी. आपण ग्रंज आहोत हे त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं, एवढंच.

साहेबांनी ताईला एका पेनड्राइव्हमध्ये ती सगळी गाणी भरून दिली. इंग्रजी तिला जेमतेम येत होतं. मी विचारलं, यात तुला कळतं तरी काय? ती म्हणाली, "शब्द न्हाय कळत. वैताग कळतो." तो तिला का कळत होता हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

बाबा तांडेल होते, म्हणजे बोटीचं सुकाणू त्यांच्या हातात आणि खलाशांवर शब्द त्यांचा. चाळीस वर्षं ओल्यात उभं राहून त्यांचे गुडघे कामातून गेले. वारस म्हणावा तर मी, आणि मला बोट लागते. चालत्या बोटीचं सोडा, मला जेट्टीवर बांधलेली बोटसुद्धा लागते. कोळ्याच्या पोटी हे रत्न कसं आलं, यावर वाड्यात बऱ्याच चर्चा झाल्या आहेत आणि माझ्यासमोर झाल्या आहेत. उरली ताई. खलाशी कमी पडायचे त्या दिवसांत दोन हंगाम ती बाबांचा शर्ट आणि टोपी चढवून पहाटेच्या अंधारात त्यांच्यासोबत गेली होती. डोंगराचं कुठलं टोक कुठल्या माडाच्या रेषेत आलं की जाळं टाकायचं, हे तिला आमच्या घराच्या पायऱ्यांइतकं माहीत होतं. पण हे घरातल्या घरात. आमच्याकडे बाई मासळी वाळवते, विकते, गिऱ्हाइकाला घाम फोडते, बोटीवर मात्र पाय ठेवत नाही.

त्या वर्षी अलिबागच्या एका माणसानं बोट मागितली. त्याला तिच्यावर बाकडी बसवून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचे होते. बाबा म्हणाले, नारळी पौर्णिमेपर्यंत सांगतो. ताई म्हणाली, "इकू नका. मी चालवते." बाबा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाईमाणूस तांडेल? पोरी, लोक मला वेड्यात काढतील." ताईनं पुन्हा विषय काढला नाही. ती गायला लागली.

पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळे बर्फाचा कारखानाही बंद. त्याची किल्ली तिथल्या ऑपरेटरकडे. हा ऑपरेटर लग्नसराईत बेंजो पार्टीत ढोल वाजवायचा, म्हणून त्याला ड्रमवर घेतलं. साहेबांची एक जुनी गिटार खाऱ्या हवेनं वाकडी झाली होती, ती मला मिळाली. आवाज फाटका करण्यासाठी म्हणे परदेशात खास यंत्र असतं. आम्हाला उत्सव मंडळाचा स्पीकर मिळाला, त्याचा पडदा उंदरानं आधीच कुरतडून ठेवला होता. मंडळाच्या खजिनदारानं आमच्यावर माया म्हणून एकदा तो दुरुस्त करून आणला, तेव्हा आम्हाला तो परत फाडावा लागला.

ऑपरेटर हाडाचा हळदीचा वादक. गाणं कितीही दुःखी असो, चौथ्या ओळीला त्याचा हात हळदीच्या ठेक्यावर जायचाच. मी चिडायचो. तो म्हणायचा, "मग काय झालं? रडणाऱ्याला नाचू नये असं हाय का कुठं?"  

गाणं ताईनंच केलं होतं. पावसाळी हवेत दोरीवर टांगलेले बोंबील आठवडा झाला तरी वाळत नाहीत, त्याचं. "वाळतच न्हाय, काय बी वाळतच न्हाय, कवाचं टांगलंय, वाळतच न्हाय." सुरुवातीला ती हे भिंतीला सांगितल्यासारखं पुटपुटायची. मग अंबाडा सुटायचा, मान गरगरा फिरायची आणि पोटातून अशी किंकाळी यायची की रिकाम्या कारखान्याचे पत्रे थरथरायचे. मी तिचा सख्खा भाऊ, पण प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. घरात इतकी शांत वावरणारी बाई एवढं सगळं कुठं ठेवत होती, असं वाटायचं.

आता जरा विचार करा. मोकळे केस, फिरणारी मान, मिटलेले डोळे, ढोल आणि किंकाळी. सिएटलमध्ये याला काय म्हणायचं ते म्हणोत. आमच्या किनाऱ्यावर याचा अर्थ एकच होतो, बाईच्या अंगात देवी आली.

शेजारची काकी सुक्या मासळीची टोपली घेऊन पावसातून चालली होती. तिनं दाराच्या फटीतून आत पाहिलं, टोपली तिथंच ठेवली आणि धूम पळाली. दहा मिनिटांत ती सहा बायका, हळदकुंकू, नारळ आणि ओटीचं सामान घेऊन हजर. ताई अजून डोळे मिटूनच होती. काकीनं तिच्या पायांवर पाणी घातलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोण आलंस गं माय? काय मागणं हाय तुझं?"

ताई आपल्या तंद्रीत. ती म्हणाली, "वाळतच न्हाय."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वाळत नाही म्हणजे काय वाळत नाही? देवीचं लुगडं! चार जणी तशाच देवळात धावल्या. छपराचं एक कौल सरकलं होतं आणि गाभाऱ्यात खरोखरच थेंब थेंब पाणी पडत होतं. ग्रामपंचायतीकडे तीन वर्षं अर्ज पडून होता, ते छप्पर दुसऱ्या दिवशी शाकारून झालं. एवढा तातडीचा परिणाम जगातल्या कुठल्याही ग्रंज बँडनं साधला नसेल.

त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बर्फाच्या कारखान्यासमोर रांग लागायला लागली. ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, की बायांनो, मी गाणं म्हणत होते. काकी प्रेमानं म्हणाली, "व्हय गं बाय, असंच वाटतं. आपल्याला काय आठवत न्हाय नंतर."  नाही म्हणावं तर तोही पुरावा. कुणाच्या मुलाचा पासपोर्ट अडकला होता, कुणाची सून माहेराहून येत नव्हती, काकीची कोंबडी हरवली होती. ताई वैतागून पुटपुटायची आणि बाया त्यातून आपापलं उत्तर काढून जायच्या. कोंबडी सापडली. मग तर विचारायलाच नको.

मी ऑपरेटरला म्हणालो, हे थांबवायला पाहिजे, ही फसवणूक आहे. तो म्हणाला, "श्रोते हायत का न्हाईत? बसून ऐकतात का न्हाईत? मग तुझ्या पोटात का दुखतंय?" खरं सांगतो, मलाही आत कुठंतरी बरं वाटत होतं. वाकडी गिटार घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा चाळीस माणसांसमोर वाजवत होतो आणि चाळीसही जणी हात जोडून बसल्या होत्या. आमच्या घरात तेव्हा महिनाभर नारळाच्या वड्या चालू होत्या.

साहेबांच्या कानावर गेलं. ते मुद्दाम एका शुक्रवारी रजा टाकून आले, बायकांच्या मागे चपला काढून उभे राहिले आणि ओक्साबोक्शी रडले. इतकं अस्सल आपण ऐकलेलं नाही, म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला बंगल्यावर वाजवायला बोलावलं. तिथं त्यांचे पंचवीस-तीस मुंबईकर मित्र होते, सगळे पन्नाशीचे, सगळ्यांच्या पँटी गुडघ्यावर पद्धतशीर फाडलेल्या. ताई बाबांचा शर्ट घालून गेली होती. एका बाईनं तो चिमटीत धरून विचारलं, कुठल्या दुकानातला? ताई म्हणाली, बाबांचा. बाईनं वास घेतला आणि म्हणाली, "वॉव, वाससुद्धा ठेवलाय!" गाणं झाल्यावर टाळ्या पडल्या आणि एका गृहस्थानं मला विचारलं, की ही देवीची थीम कुणाची कल्पना?

 परतताना ताई पुळणीवर थांबली आणि म्हणाली, "ह्यांना वाटतं मी सोंग करते. त्यांना वाटतं देवी बोलते. मीच बोलते असं एकाला पण वाटत न्हाय." मला तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी काहीतरी विनोद करायचा म्हणून केला, तो इथं लिहिण्याच्या लायकीचा नाही. ती हसलीही नाही.

पौर्णिमेला चार दिवस उरले होते तेव्हाच्या मंगळवारी बाबा आले.

आम्ही वाजवत होतो. रांगेतल्या बाया बाजूला होऊ लागल्या म्हणून मी मान वर केली. बाबा धुतलेला पांढरा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन, एकेक पाय ओढत येत होते. घरात चहा आणून दिला तर ताईकडे न बघता घेणारा हा माणूस तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. गुडघे वाकत नव्हते, तरी दाराची चौकट धरून वाकला आणि नारळ तिच्या पायांशी ठेवला. तिला 'माय' म्हणाला.

"माय, चाळीस वर्षं तुझ्या भरवशावर गेलो दर्यात. आता पाय ऱ्हायले न्हाईत. होडी इकू का ठेवू? तू सांगशील तसं. तू ठेव म्हणालीस तर मी ठेवीन, मग कोण काय बी म्हणो."

ऑपरेटरचा हात ढोलावरच थांबला. त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला.  दोन अक्षरं, ठेव. ती तर पुटपुटायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी बायांनी बाकीचं काम केलं असतं. बोट तिची, सुकाणू तिचं, आणि लोकांची तोंडं आपोआप बंद, कारण देवीला नावं ठेवायची कुणाची छाती? मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल, अगं बोल.

ताईनं डोळे उघडले. केस मागे घेतले आणि अंबाडा बांधला. मग नेहमीच्या आवाजात, घरात मीठ संपलं हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "बाबा, मी हाय. देवी न्हाय. मी इचारते, मला देता का होडी? मी चालवीन."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता.  बाबांनी समोर ठेवलेला नारळ उचलून पिशवीत घातला.

"देवीनं सांगितलं असतं तर मला न्हाय म्हणता आलं नसतं," ते म्हणाले. "तुला म्हणता येतं."

आणि वळून निघाले. त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. उलट, सुटका झाल्यासारखं म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं.

बायांमध्ये गलका झाला. कुणी म्हणालं, देवी रागावून गेली. काकी ताईवर खवळली, "देवी नव्हती तर माझी कोंबडी कशी घावली? बोल ना!" तिला फसवल्याचा राग नव्हता. कोंबडीला आता कुणाचा आधार राहिला नाही, याचा राग होता. अर्ध्या तासात कारखाना रिकामा झाला आणि आमचा बँडही तिथंच संपला. श्रोतेच उरले नाहीत.

ऑपरेटर डोक्याला हात लावून बसला होता. "एक शब्द," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "एक शब्द बोलली असतीस तर होडी तुझी होती."

"देवीची होती," ताई म्हणाली. "मला रोज तिच्या नावानं चालवावी लागली असती."

बोट विकली. पौर्णिमेला बाबांनी दर्याला नारळ दिला तो शेवटचा, आणि दोन दिवसांनी अलिबागवाल्यानं बोट न्यायला दोन माणसं पाठवली. दोघांना इंजिन कळत होतं, पण आमच्या खाडीच्या तोंडावरचे खडक माहीत नव्हते. ते खडक भरतीला दिसत नाहीत आणि ओहोटीला दिसून उपयोग नसतो, कारण तोवर बोट त्यांच्यावर असते. बाबांना उभं राहवत नव्हतं. हंगाम सुरू झालेला, वाड्यातले बाकीचे तांडेल दर्यात. ती दोन माणसं ओट्यावर चहा पीत बसली होती. बाबांनी हातातल्या कपाकडे बघत, कपालाच विचारल्यासारखं ताईला विचारलं, "तू नेशील का?"

ताईनं चप्पल घातली आणि निघाली.

अशी माझी बहीण दिवसाढवळ्या, सगळ्या वाड्यादेखत, साडी खोचून, बोटीवर चढली. मला वाटलं आता आकाश कोसळणार. जेट्टीवर मासळीच्या टोपल्या घेऊन वीसेक बाया बसल्या होत्या. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी मीच काकीला विचारलं, की बाई चढली, चालतं का? काकी म्हणाली, "इकलेली हाय ना? आता ती आपली कुठं ऱ्हायली? चढू दे." म्हणजे आमचा सगळा धर्म बोट आपली असेपर्यंतच. मला हसू आलं आणि त्याच वेळी कुणाच्या तरी कानशिलात द्यावीशी वाटली.

बाबा जेट्टीच्या टोकाला खांबाला धरून उभे राहिले. इंजिन सुरू झालं. ताईनं बोट आधी उजवीकडे इतकी घेतली की ती दोन माणसं घाबरून ओरडायला लागली, मग संथपणे डावीकडे वळवून खडकांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं बाहेर काढली. बाबांचा हात खांबावर तिच्यासोबत वळत होता. बोट दिसेनाशी झाली तरी ते तिथंच उभे होते.

मी आता म्हसळ्याला एका कचेरीत कारकुनी करतो. हल्ली आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजातल्या मुलामुलींच्या अंगावर त्या सिएटलच्या बँडचे काळे टीशर्ट दिसतात. त्यातले बरेच गाणारे ही मुलं जन्मायच्या आधीच गेलेले. मी त्यांना काही सांगायला जात नाही. पण कुणी ग्रंज म्हणजे काय असं विचारलंच, तर मला एकही गाणं आठवत नाही. मला आठवतो तो त्या दिवशीचा आमचा ओटा.

ताई अलिबागहून एसटीनं संध्याकाळी परत आली. बाबा ओट्यावरच होते. जेवले नव्हते.

"होडी कुठं खडकाला टेकली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"खाडीच्या तोंडाशी?"

"न्हाय. कुठंच न्हाय."

 बाबा आपले गुडघे चोळत म्हणाले, "मला वाटलं व्हतं, टेकेल." आणि ते रडायला लागले. त्याआधी मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

ताई त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "देवीला न्हाय, मला इचारायचं होतं, बाबा," ती म्हणाली.